शेवटचं कडवं गाळू नका : बायकांनी लिहिलेलं, बायकांनी रागदारीत गायलेलं

अंत्रुजेची | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या राजांगणात आमची बैठक झाली. गाणाऱ्या सात जणी, दोन तानपुरे, पेटी आणि तबला. श्रोते साठ-पासष्ट, त्यातले निम्मे वसरीवर आणि उरलेले तुळशीभोवती चटया टाकून. नियम एकच ठेवला होता : गायचं ते बाईने लिहिलेलं असलं पाहिजे.

हा नियम कुठून आला ते सांगते. मागे एका कार्यक्रमात माझी एक विद्यार्थिनी ‘अवघा रंग एक झाला’ गायली. पत्रकावर तिचं नाव होतं, माझं होतं, तबलजींचं, पेटीवाल्यांचं, मांडव घालणाऱ्यांचं होतं, चहा दिला त्या घराचंसुद्धा होतं. निवेदकांनी ओळख करून दिली ती ‘संत चोखामेळ्यांचा अभंग’ म्हणून. अभंग त्यांच्या पत्नीचा, सोयराबाईचा. आणि वेळ अपुरा म्हणून मुलीने शेवटचं कडवं सोडलं. म्हणजे ती चूक जागच्या जागी सुधारणारी जी एक ओळ होती, तीच गेली.

अभंगाची सही शेवटी असते. जनाबाईची ‘नामयाची जनी’, कान्होपात्रेचं सरळ ‘कान्होपात्रा’, सोयराबाईची ‘म्हणे चोखियाची महारी’. आपण गाणारे काय करतो? धृपद घोळवतो, पहिली दोन कडवी रंगवतो, आणि पुढचा गायक विंगेत उभा दिसला की तिहाई घेऊन मोकळे होतो. पुरुष संतांचं त्याने फारसं बिघडत नाही, ‘तुका म्हणे’ गाळलं तरी अभंग तुकोबांचा हे लोकांना ठाऊक असतं. सोयराबाईचं नाव मात्र त्या एका ओळीवर तग धरून आहे, आणि तिथेही ती आपलं नाव घेत नाही, नवऱ्याच्या नावाने ओळख सांगते.

म्हणून कालच्या बैठकीत दोन गोष्टी केल्या. प्रत्येक रचना आधी वाचली, मग गायली. वाचताना पेटी-तबला बंद, फक्त तानपुरा. आणि नाममुद्रेचं कडवं कुठेही सोडलं नाही.

सुरुवात मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांनी. ज्ञानोबा लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ताटी लावून आत बसलेत, आणि धाकटी बहीण दाराबाहेर उभी राहून त्यांना समजावते आहे. मुक्ताबाई अठराव्या वर्षी गेली असं परंपरा सांगते. म्हणून आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीला, सतरा वर्षांच्या, हे दिलं. राग मारवा. यावर आमच्यात दोन आठवडे वाद चालला होता. काहींचं म्हणणं की भक्तिरचनेला मारवा कोरडा पडेल. पण मारव्यात पंचम नाही आणि षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, सहजी टेकू देत नाहीत, गाणारा त्याच्या अवतीभवती कोमल रिषभावर, धैवतावर फिरत राहतो. षड्ज म्हणजे घर. ती घराबाहेर उभी आहे, दार बंद आहे. शेवटच्या ‘ताटी उघडा’ला ती मुलगी षड्जावर आली आणि तिथे थांबली, तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

जनाबाईचं ‘दळिता कांडिता’ मांड रागाच्या अंगाने, दादऱ्यात. जात्याचा खुंटा फिरवताना हात पुढे जाताना जोर लागतो आणि परत येताना सैल पडतो, ती लय दादऱ्याच्या तीन-तीन मात्रांत आपसूक सापडते. संत बहिणाबाईंचं आत्मचरित्र अभंगांतच आहे, त्यातली चार कडवी नुसती वाचली. तुकोबा स्वप्नात येऊन गुरुपदेश देतात आणि नवरा चिडून मारतो, हे त्या बाईने सतराव्या शतकात लिहून ठेवलंय. त्याला चाल लावायचा प्रयत्न केला होता, पण चाल लागली की तो मार ऐकू येईनासा झाला. तेव्हा वाचनच ठेवलं. मग इंदिरा संत, शांता शेळके, आणि शेवट प्रभाताई अत्र्यांच्या कलावतीतल्या ‘तन मन धन’ने. शब्द त्यांचे, स्वर त्यांचे, गायल्याही त्याच. आता त्या नाहीत, जानेवारी २०२४ मध्ये गेल्या, पण अशी सगळी बाजू एकाच बाईच्या हातातली असलेली रचना आपल्या संगीतात किती, याची मोजणी केली तर वाईट वाटतं.

तुमच्याकडे कुणी असं काही केलंय का? आमच्याकडून कोण राहिलं?

जुना_रसिक | सोमवार, सकाळी ७.५०

ताई, उपक्रमाबद्दल आदर आहे. परवा मी तुमच्या बैठकीला नव्हतो, पण मनातलं बोलतो.

मी साखळीचा. लहानपणापासून जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं ऐकत आलो. आपल्या गोव्याने या घराण्याला केसरबाई केरकर दिल्या, मोगूबाई कुर्डीकर दिल्या. केसरबाई तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या. त्यांचा आकार ऐकताना शब्द काय आहे हे मी कधी शोधलं नाही. त्या एक ‘आ’ घेत आणि त्या ‘आ’त राग उभा राही. ख्यालात शब्द ही खुंटी. खुंटीवर शाल अडकवली की बघायची शाल. तुम्ही आता खुंटी कुणी ठोकली ते विचारायला लागलात, तर गाणं बाजूला राहील आणि व्याख्यान होईल, ही माझी भीती आहे. आधी वाचायचं मग गायचं, यात रागाची समाधी मोडते.

अंत्रुजेची | सोमवार, दुपारी १.३०

काका, नमस्कार. तुम्ही लिहिलंत हे बरं झालं, कारण हा प्रश्न आमच्यातल्याच दोघींनी विचारला होता.

केसरबाईंच्या आकाराबद्दल मी एक शब्द वावगा बोलणार नाही. त्यांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ १९७७ साली ‘नासा’च्या व्हॉयेजर अवकाशयानांवर चढून सूर्यमालेबाहेर गेली. पण ती भैरवी परत ऐका आणि शब्दाकडे कान द्या. ‘एकटी कुठे निघालीस गोरी’ असं कुणीतरी विचारतंय. केसरबाई ते ‘अकेली’ उच्चारतात तेव्हा त्या नुसता स्वर टाकत नाहीत. तुमची खुंटी त्यांनी हातात धरून पाहिलेली होती.

दुसरं असं, की ख्यालाच्या बंदिशी बघा. सासू, नणंद, सवत, पायातलं पैंजण, पिया परदेशी, सखी आता काय करू. नव्वद टक्के बाईचं मन. आणि लिहिणारे? सदारंग, अदारंग. आपल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या बंदिशींत सही ‘अहमदपिया’ अशी. फैयाज खाँ ‘प्रेमपिया’. सगळे पुरुष, आणि थोर. त्यांनी बाईचं मन लिहिलं म्हणून मला राग नाही, मी रोज तेच शिकवते. फक्त चाळीस वर्षं पुरुषांनी कल्पिलेल्या बाईचं दुःख गायल्यावर, बाईने स्वतः लिहिलेलं एक संध्याकाळ गावंसं वाटलं. तफावत लगेच लागली हाताला. बंदिशीतली बाई वाट बघते. मुक्ताबाई वाट बघत नाही, ती दार ठोठावते. जनाबाई देवालाच कामाला लावते.

पेटीवाला_डिचोली | सोमवार, रात्री ९.०५

मी त्या दिवशी पेटीवर होतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

सात जणींच्या पेटीवरच्या चार वेगळ्या पट्ट्या. दोघी काळी चार, तिघी काळी पाच, एक पांढरी सहा आणि त्या लहान मुलीचा आवाज आणखी वर. दर रचनेला तानपुरे बदलायला वेळ लागतो, एरवी त्या वेळात श्रोते बोलायला लागतात. इथे तेवढ्या वेळात वाचन चालायचं. पहिला तानपुरा नव्या स्वरात लागत असताना बाई जनाबाईचे शब्द वाचताहेत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. जुना_रसिक काका, समाधी मोडली नाही हो. उलट राग सुरू होण्याआधीच लोक गप्प झाले होते.

आणखी एक आठवलं. माझ्या वडलांना जुन्या तबकड्यांचा नाद होता. १९०२ सालापासून गायिका गौहरजानच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तीन मिनिटांची तबकडी संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, ‘माय नेम इज गौहरजान’. तबकड्या परदेशात छापल्या जात, तिथल्या माणसाला कुठल्या तबकडीवर कोण हे कळावं म्हणून ते होतं म्हणतात. कारण काही असो, मला ती अभंगाच्या शेवटच्या कडव्यासारखीच वाटते. आणि तिची आई मलकाजान उर्दू शायरी लिहायची, तिचा संग्रह १८८६ साली छापून आलेला आहे. म्हणजे आईची सही कागदावर, लेकीची लाखेच्या तबकडीवर.

शब्दवेल्हाळ | मंगळवार, सकाळी ११.२०

मडगावात संस्कृत शिकवते. माझ्याकडे या धाग्यासाठी एक गोष्ट आहे, ती नीट मांडते.

तुम्ही शांताबाई शेळक्यांचं काय गायलात ते लिहिलं नाहीत. ‘तोच चंद्रमा नभात’ घेतलं होतं का? सुधीर फडक्यांची चाल, यमनाची छाया, सगळ्या महाराष्ट्राला आणि गोव्याला पाठ. त्या गीताच्या मागे एक संस्कृत श्लोक आहे, ‘यः कौमारहरः स एव हि वरः’. मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात तो घेतलाय. सुभाषितसंग्रहांत त्याच्या कवयित्रीचं नाव येतं, शीलाभट्टारिका. हजार वर्षांहून जुनी बाई.

श्लोकाचा भाव असा : ज्याने माझं कौमार्य हरलं तोच आज माझा पती आहे, त्याच चैत्राच्या रात्री आहेत, मालती तशीच फुललीय, कदंबावरून वारा तसाच येतोय, आणि मीही तीच आहे. तरी रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठी त्या वेताच्या झाडाखालची भेट मनाला हवीशी वाटते.

‘सा चैवास्मि’, मी तीच आहे. बोलणारी बाई आहे. सगळं जागच्या जागी आहे, लग्नही झालंय, आणि तरी मन नदीकाठी जाऊन बसतं, हे ती कुणाची क्षमा न मागता सांगते. चैतन्य महाप्रभूंनी हाच श्लोक भक्तीच्या अर्थाने जगन्नाथाच्या रथापुढे म्हटला, असं त्यांच्या चरित्रात आहे.

शांताबाईंनी मराठीत आणताना बोलणारा बदलला. मराठी गीतात पुरुष बोलतो, ‘तीच तू’ असं समोरच्या स्त्रीला म्हणतो. म्हणजे एका बाईने बाईच्या तोंडी लिहिलेलं दुसऱ्या बाईने पुरुषाच्या तोंडी घातलं आणि पुरुषाने गायलं. हा बदल मला कमी-जास्त काही वाटत नाही, बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजासाठी तो नेमका होता. शांताबाईंनी स्वतः ‘डॉ. वसंत अवसरे’ या पुरुषी नावानेही चित्रपटगीतं लिहिली होती. पण तुमच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी आधी मूळ श्लोक वाचावा, मग शीलाभट्टारिकेचं नाव घ्यावं, मग शांताबाईंचं, आणि मग यमन लावावा. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे सांगते तेव्हा पाठ झालेलं गाणं त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या ऐकतात.

अंत्रुजेची | मंगळवार, दुपारी २.००

शब्दवेल्हाळ ताई, देव बरें करूं. तेच गायलो होतो, आणि श्लोक मला माहीत नव्हता. पुढच्या वेळी श्लोक वाचायला तुम्हीच या.

बेळगावहून | मंगळवार, सायंकाळी ६.१०

इंदिराबाई संत आमच्या गावच्या, म्हणून दोन ओळी. ‘शेला’ १९५१, ‘मेंदी’ १९५५, ‘मृगजळ’ १९५७, ‘रंगबावरी’ १९६४, आणि ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमी पुरस्कार. नवऱ्याच्या अकाली जाण्यानंतर लिहिलेली ती सगळी कविता दबक्या आवाजाची आहे. तिला विलंबित लय मानवते, पण ताना नकोत. आमच्या इथे एकाने त्यांच्या कवितेवर सपाट ताना घेतल्या होत्या, कविता घाबरून गेल्यासारखी झाली. शोभाताई गुर्टू बेळगावच्याच, त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर मूळ गोव्याच्या. शब्द रंगवत नेणाऱ्या ठुमरीतल्या त्या बोल-बनाव अंगाने इंदिराबाई गायली जावी असं मला फार दिवस वाटतंय.

मुंबईतला_गोंयकार | मंगळवार, रात्री ११.४०

वकिलीच्या सवयीने विचारतो, परवानगीचं काय केलंत? हौशी मंडळींच्या उपयोगाचं म्हणून लिहून ठेवतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. इंदिरा संत २००० साली गेल्या, शांताबाई २००२ मध्ये. म्हणजे त्यांच्या कवितांवरचे हक्क अनुक्रमे २०६० आणि २०६२ अखेरपर्यंत. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, गाणी त्यांच्या पश्चात १९५२ साली छापली, आता ती सर्वांची. संतकवयित्रींचा प्रश्नच नाही. तिकीट न लावता, हौशी मंडळाने, पैसे न घेता श्रोत्यांसमोर सादर केलं तर कायदा सूट देतो. पण त्याचं चित्रण करून इंटरनेटवर टाकणार असाल, किंवा नवी चाल लावून ध्वनिमुद्रण करणार असाल, तर आधी वारसांना पत्र लिहा. बहुतेक वेळा ते आनंदाने हो म्हणतात. पत्र लिहिणं हाही कवयित्रीचं नाव घेण्याचाच एक प्रकार आहे.

दाबोळीची | बुधवार, सकाळी ९.३०

एक अवघड गोष्ट विचारते. सोयराबाईच्या शेवटच्या ओळीत जातीचा शब्द आहे. आमच्या महिला भजनी मंडळात तो अभंग स्पर्धेसाठी बसवला तेव्हा तिघींनी सांगितलं, हा शब्द आम्ही गाणार नाही, कुणी दुखावलं तर? बुवांनी सुचवलं की शेवटचं कडवं सोडा. मग सोडलं. तुम्ही काय केलंत?

अंत्रुजेची | बुधवार, दुपारी १२.४५

आमच्याकडेही तेच झालं. जिला तो अभंग दिला होता, ती मुलगी त्या ओळीपाशी आली की आवाज खाली घ्यायची. मी तिला सोयराबाईचा दुसरा अभंग वाचायला दिला, ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’. त्यात ती सरळ विचारते की विटाळ देहातच जन्मतो, तर मग सोवळा झाला कोण? ज्या बाईने हे विचारलं, तिने सहीत जात लिहिली ती लाजेने लिहिली असेल का? लोक तिला ज्या शब्दाने लांब ठेवत होते, तोच शब्द तिने ‘पाहते पाहणे गेले दूरी’ या अनुभवाखाली सही म्हणून ठेवला. तो शब्द आपण आपल्या तोंडून कुणाला उद्देशून वापरणं हा अपमान आहे, गुन्हाही आहे. तिची सही तिची म्हणून वाचणं वेगळं. आम्ही आधी उभं राहून सांगितलं, ‘या कवयित्रीचं नाव सोयराबाई. अभंगात ते येत नाही, म्हणून आम्ही घेतोय.’ मग पूर्ण गायलं. किशोरीताई आमोणकरांनीही ते कडवं सोडलेलं नाही.

पण मी त्या समाजातली नाही. म्हणून माझं मत हे शेवटचं म्हणून धरू नका.

पायवाट | बुधवार, रात्री ८.२०

मी त्या समाजातली. आजीकडून चोखोबांचे आणि सोयराबाईंचे अभंग ऐकत वाढले, पुस्तकातून नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गा. पूर्ण गा. कडवं गाळता तेव्हा आम्हाला जपता असं तुम्हाला वाटतं, पण आमच्या बाईची सही पुसली जाते. फक्त एक करा. ‘चोखोबांची पत्नी’ अशी ओळख देऊन थांबू नका. सोयराबाई, निर्मळा, दोघींची नावं घ्या. निर्मळा चोखोबांची बहीण, तिचेही अभंग आहेत, त्यांना कुणी अजून नीट चाल लावलेली मी ऐकली नाही.

दाबोळीची ताई, तुमच्या मंडळाने पुढच्या वेळी पूर्ण गायलं तर मला कळवा, मी ऐकायला येईन.

दाबोळीची | बुधवार, रात्री ८.५५

कळवते. नक्की कळवते.

मांडवीकाठ | गुरुवार, सकाळी १०.००

पणजीत राहते, कांपालला कला अकादमीत दोन्ही संगीतं ऐकते, आपलंही आणि पाश्चात्त्यही. पाश्चात्त्य गीतगायनाच्या मैफलीत एक पद्धत असते, ती सांगावीशी वाटते. एक गायिका, एक पियानो. श्रोत्यांच्या हातात पुस्तिका देतात, तिच्यात प्रत्येक गीताचे पूर्ण शब्द छापलेले असतात, शेजारी भाषांतर, आणि स्वरकाराच्या नावाबरोबर कवीचंही नाव. पान उलटायचा आवाज येऊ नये म्हणून ओळ मध्येच तुटणार नाही अशी छपाई करतात. कवीशिवाय त्यांचं गीत पुरं होत नाही.

त्यांच्याकडेही बायकांची नावं झाकली गेली होती. जर्मन संगीतकार फॅनी मेंडेल्सोनची काही गीतं सुरुवातीला तिचा भाऊ फेलिक्स याच्या नावाखाली छापली गेली. राणी व्हिक्टोरियाने आवडतं म्हणून गायलेलं गीत बहिणीचं निघालं, आणि फेलिक्सने ते कबूल केलं. आपल्या बैठकीतही चार पानी पुस्तिका करता येईल. झेरॉक्सला फार खर्च नाही. म्हाताऱ्या श्रोत्यांसाठी अक्षर मोठं ठेवा.

अंत्रुजेची | गुरुवार, रात्री ९.१५

पुस्तिका करणार. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणखी एक नाव स्वतःच जोडते, आमच्याकडून राहिलं ते : हिराबाई पेडणेकर. आडनावातच आपलं पेडणं आहे. कलावंत समाजातली बाई, गाणं शिकलेली, आणि मराठीतली पहिली स्त्री नाटककार म्हणून जिचं नाव घेतात ती. तिचं ‘संगीत दामिनी’ ललितकलादर्श नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. नाट्यपदं म्हटली की आपण खाडिलकर, देवल, गडकरी म्हणतो, आणि स्त्रीभूमिकेची पदं म्हणजे बालगंधर्व. कान्होपात्रेचं ‘अगा वैकुंठीच्या राया’सुद्धा लोकांना भेटलं ते १९३१ च्या नाटकातून, मास्तर कृष्णरावांच्या चालीत, बालगंधर्वांच्या गळ्यातून. फार सुंदर आहे ते, आणि ‘कान्होपात्रा राखी आता’ हे त्यांनी गाळलं नाही हेही खरं. पण एका बाईने स्वतः नाटक लिहून पदं लिहिली होती, ती आज कुणाच्या गळ्यात नाहीत. कुणाकडे ‘दामिनी’ची प्रत असेल तर सांगा. नुसत्या पदांच्या पानांची छायाचित्रं मिळाली तरी चालतील.

सत्तरीची_लेक | शुक्रवार, दुपारी ४.३०

सगळं वाचून काढलं. मला एक खुपतंय. तुम्ही नाव-नाव म्हणताय, पण आमच्याकडच्या बायकांच्या गाण्याला नावच नाही.

पौषात मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र जागेवर, धालो होतात. चांदण्या रात्री बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात, हातात हात गुंफून पुढे वाकत येतात, मागे जातात, आणि गातात. मराठी आणि कोंकणी एकाच ओळीत मिसळलेली असते, कुठली कुठे संपते ते कळत नाही. ओळी कुणी लिहिल्या? एकीने सुरू केली, दुसरीने पुढे नेली, सून माहेरून नवी घेऊन आली. दांत्यावरच्या, म्हणजे जात्यावरच्या, ओव्याही तशाच. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर गोळा केल्यात म्हणतात, आपल्याकडे किती वाहून गेल्या कुणास ठाऊक. आता दळण गिरणीत जातं, ओवी म्हणायला हात मोकळाच राहत नाही. तुमच्या बैठकीत ज्यांनी लिहून ठेवलं त्याच आल्या. माझी आजी लिहू शकत नव्हती.

जुना_रसिक | शनिवार, सकाळी ८.००

मी आठवडाभर वाचतोय. परवा रात्री केसरबाईंची ती भैरवी पुन्हा लावली, ताईंनी सांगितल्याप्रमाणे शब्दाकडे कान देऊन. ‘अकेली’ या शब्दावर त्या जे करतात ते मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. विलंबितात शब्द अजूनही मागे राहावा असंच मला वाटतं. पण पुढच्या बैठकीला येतो. माझ्याकडे १९५० च्या आसपासची नाट्यपदांची काही जुनी पुस्तकं पेटीत बांधून ठेवलेली आहेत, ती सोडून बघतो, ‘दामिनी’चं काही निघतं का.

अंत्रुजेची | रविवार, रात्री ९.४०

सत्तरीची_लेक, तुमचं वाचून मी रात्रभर अस्वस्थ होते. मग काल आम्ही चौघी तुमच्याच तालुक्यात एका वाड्यावर गेलो. तानपुरा नेला होता, पण काढला नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्या एका आजींनी ओव्या म्हटल्या. त्या म्हणाल्या की जुन्या आता आठवत नाहीत, ही मी केलेली :

दळण सरलं, पीठ भरलं सुपात
माझं माहेर राहिलं दांत्याच्या खुंट्यात

तिसऱ्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. लग्नाआधीचं नाव. लग्नात ते बदललं, त्यानंतर साठ वर्षांत त्या नावाने त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नाही, असं त्यांची सून म्हणाली. सुनेलाही ते काल पहिल्यांदा कळलं.

मी विचारलं, आजी, ही ओवी आम्ही बैठकीत गाऊ का, तुमचं नाव लिहून? त्या म्हणाल्या, गाय, पूण बरोव नाका. गा, लिहू नका. म्हणून तिसरी ओळ इथे देत नाही. बैठकीच्या पुस्तिकेतही ती छापणार नाही. त्या मुलीला, जिने ताटी गायली, तिला ती ओळ मी तोंडी शिकवली आहे. चाल आजींचीच ठेवतोय, सा रे ग म एवढ्यातच फिरते ती, तिच्याखाली फक्त एक तानपुरा. आजींचा स्वर पांढरी पाचच्या जवळ होता, मुलीला तो खाली पडतो, पण बदलणार नाही.

पुढची बैठक पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, त्याच घरी, संध्याकाळी सहाला. जुना_रसिक काका, खुर्ची ठेवते, चटईवर बसू नका. पायवाट ताई, निर्मळेचा एक अभंग बसवायला घेतलाय, पुरिया धनाश्रीत. चाल चुकत असेल तर तुम्ही येऊन सांगा.